रांगेतली शेवटची बंडी

वर्धा, ११ ऑगस्ट १९९९

दादा,

तुझा सुरतचा पत्ता तुझ्या पॉलिटेक्निकच्या मित्राकडून मिळाला. आईला अजून सांगितलेलं नाही. उत्तर आलं तर बरं वाटेल. नाही आलं तरी बहुतेक मी लिहीत राहीन, कारण दुसऱ्या कुणाला लिहावं असं कुणी नाही.

घरचं ठीक आहे. आई दुकानात बसते. सुरुवातीला तिला प्रायमर आणि ऑइल पेंट यांतला फरक सांगावा लागायचा, आता ती गिऱ्हाइकाला सांगते. सिंदीतले लोक अजून "बंडूजी रंगवाल्याचं दुकान" असंच म्हणतात. बाबा जाऊन सात महिने झाले, पण पाटी बदलायचं कुणी म्हणत नाही. मी शनिवारी घरी येते आणि सोमवारी पहिल्या गाडीनं वर्ध्याला परत. नानाजी काका अधूनमधून येऊन जातात. मी चहा देते आणि आत जाते. तेराव्या दिवशी सगळ्यांसमोर ते तुला जे बोलले, ते त्यांनी परत काढलं नाही. आपण कुणीच काढलं नाही. तू दुसऱ्या दिवशी पहाटे निघून गेलास आणि ते वाक्य घरातच राहिलं.

कॉलेजचं सांगते. सिव्हिलचं शेवटचं वर्ष सुरू झालं. यंदा वांदिले मॅडम म्हणून नवीन आल्या आहेत. आधी पाचसहा वर्षं भिलाईला नोकरी करत होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुम्हाला गणितं सोडवता येतात, कारण गणित आधीच कुणीतरी मांडून ठेवलेलं असतं. नोकरीत ते कुणी मांडून देत नाही." म्हणून यंदा त्या विषयाला व्याख्यानं नाहीत. तिघातिघांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक खरा प्रश्न दिला, याच जिल्ह्यातला. त्यासाठी जे लागेल ते आपलं आपण शिकायचं. दर आठवड्याला एकानं बैठक चालवायची, एकानं लिहून घ्यायचं, एकानं बाहेरच्या माणसांशी बोलायचं. मग अदलाबदल. मॅडम मागच्या बाकावर बसतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. विचारलं तर उलटा प्रश्न विचारतात. पोरं त्यांना चिडून 'प्रॉब्लेमवाली' म्हणतात.

माझ्या गटात हिंगणघाटचा धनंजय आहे, तोंडाळ पण कामाचा. आणि सुरभी, वर्ध्याचीच, मोपेडवर येते. आमच्या वाट्याला एक रस्ता आला आहे.

बाकी विशेष नाही.

रीता


वर्धा, २६ सप्टेंबर १९९९

दादा,

मागच्या पत्रात 'एक रस्ता' लिहून मी पुढे गेले. तुझ्या लक्षात आलं असेल, किंवा तू पत्र फोडलंच नसशील.

तोच रस्ता आहे. सिंदीहून केळझरकडे जाताना कापसाचा नवीन जिनिंग कारखाना लागतो, त्याच्यासमोरचा. मॅडमनी दिलेल्या कागदावर एवढंच होतं: हंगामात जिनिंगसमोर कापसाच्या बैलबंड्यांची रांग रस्त्यावर येते, संध्याकाळनंतर अपघात होतात, उपाय सुचवा. खाली मागच्या हंगामातले अपघात होते. जखमी, जखमी, मृत एक.

कागद धनंजयनं मोठ्यानं वाचला. मी त्या आठवड्यात लिहिणारी होते. मी लिहिलं, मृत एक.

मॅडम म्हणाल्या होत्या की कुणाला प्रश्न बदलून हवा असेल तर सोमवारपर्यंत सांगा. सोमवारी मी वर्गात होते. मॅडम समोर होत्या. सांगायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि मग लोक ज्या चेहऱ्यानं बघतात तो चेहरा मला परत नको होता. जानेवारीपासून महिनाभर पाहिला. मंगळवारी प्रश्न आमचा झाला.

धनंजय आणि सुरभीला माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की मी सिंदीची आहे आणि माझे वडील नाहीत. कशानं गेले ते त्यांनी विचारलं नाही.

तुला वाटेल मी काही शोधायला चालले आहे. तसं काही नाही. त्या दिवसाबद्दल नवीन काय कळणार आहे? संक्रांतीचा दुसरा दिवस. तू म्हणालास की सुरतेला कायमची खोली घेतली, आता दुकानात येणार नाही. बाबांनी ताट सरकवलं. तू म्हणालास, "तुमच्या डब्यांमधी माझी जिंदगी घालू काय?" बाबा म्हणाले, "नको घालू." आईला म्हणाले, केळझरला गणपतीला जाऊन येतो. स्कूटर काढली. दिवेलागणीला बातमी आली की रांगेतल्या शेवटच्या बंडीवर गाडी आदळली.

हे सगळं मला पाठ आहे, तुलाही असणार. पंचनाम्यात 'उभ्या बंडीस धडक' असं आहे. काका म्हणाले की उभी बंडी दिसत नाही असा माणूस नाही, बंडू जाणून गेला, पोराच्या बोलण्यापायी गेला. ते खरं की खोटं, मला माहीत नाही. खरं सांगायचं तर मी त्यावर विचारही करत नाही. विचार करायला गेलं की डोक्यात सुती कापड भरल्यासारखं होतं.

आई बरी आहे.

रीता


वर्धा, ३० नोव्हेंबर १९९९

दादा,

कापूस सुरू झाला. सिंदीत आता सगळीकडे पांढरं उडतं. जिनिंगसमोर रांग लागली आहे आणि आम्ही आठवड्यातून दोनदा तिथे असतो.

आधी आमचं चुकत गेलं. पहिल्या फेरीत धनंजय शेतकऱ्यांसमोर वही उघडून उभा राहिला आणि विचारू लागला, "रस्त्यावर गाडी उभी करणं नियमात बसतं का?" एक म्हातारा, कवडू नाव त्याचं, म्हणाला, "तुम्ही पोलिसाचे का कलेक्टरचे?" आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला. त्या आठवड्याच्या बैठकीत सुरभी आणि धनंजयचं चांगलंच वाजलं. सुरभी म्हणाली की तू प्रश्न विचारत नाहीस, आरोप करतोस. मॅडम मागून म्हणाल्या, "मग कसं विचारायचं?" पुढच्या वेळी आम्ही वही पिशवीत ठेवली, कवडूच्या बंडीजवळ बसलो, आणि सुरभीनं विचारलं, "बाबाजी, किती वेळ लागते नंबर यायले?" तो दोन तास बोलला. रात्र काढावी लागते, रांग सोडली तर नंबर जातो, आत अंगणात जागा आहे पण तिथे मालकाचे ट्रक उभे राहतात. सगळं त्यानंच सांगितलं.

मग चाचणी घ्यायची ठरली. अंधार पडताना, समोरून दिवा असताना, मागून येणाऱ्याला बंडी किती अंतरावर दिसते ते बघायचं. जिनिंगमागच्या शेतरस्त्यावर कवडूनं त्याची रिकामी बंडी ताडपत्री टाकून उभी केली. पलीकडे धनंजयच्या ओळखीच्या माणसानं ट्रॅक्टरचे दिवे लावले. एकानं सुरभीच्या मोपेडवर यायचं आणि बंडी दिसली की ओरडायचं, दुसऱ्यानं तिथे चुन्यानं खूण करायची. तिघांचीही नजर तपासायला हवी असं मीच बैठकीत म्हटलं होतं, त्यामुळे माझी पाळी येणारच होती.

तुला हे लिहू की नको असं झालं होतं. लिहिते. मी ठरवलं होतं की ब्रेक दाबायचा नाही. मरायचं वगैरे नव्हतं, वेगही तसा नव्हता, लागलं असतं इतकंच. मला फक्त बघायचं होतं की माणसाला तसं करता येतं का. समोर नुसता पांढरा उजेड होता आणि त्याच्या अलीकडे काहीच नव्हतं. मग एकदम ताडपत्री. मला कळायच्या आत बोटं आवळली गेली होती. ओरडायचं राहून गेलं.

धनंजय चिडला. "अवो, आवाज तर दे! खूण कुठं करू मी?"

मी परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा ओरडले.

मोजलं तर पुस्तकात जे अंतर सुरक्षित म्हणून दिलं आहे त्याच्या निम्म्यातही बंडी दिसत नाही. तिघांचीही खूण जवळजवळ एकाच जागी आली. म्हणजे बाबांना उशिरा दिसली असणार. मी हे अहवालात लिहिलं. मग वाटलं, तो रस्ता त्यांचा रोजचा होता, रांग असते हे त्यांना माहीत होतं. तेव्हा यातून तसं काही सिद्ध होत नाही. तुला खोटा दिलासा द्यायचा नाही म्हणून हेही लिहिते.

रीता


सिंदी, १९ डिसेंबर १९९९

दादा,

हे पत्र आधी वाच. आधीची फोडली नसलीस तरी हे फोड. पाकिटावर मी तसं लिहिणार आहे.

मागच्या हंगामातल्या अपघातांबद्दल रांगेतल्या जुन्या लोकांशी बोलायचं आमच्या यादीत होतं. कवडू म्हणाला, हिंगणीचा तानबा आला आहे, मागच्या साली 'तो मेला तेव्हा' बंडी त्याचीच होती. गुरुवारी आम्ही गेलो. मी लिहिणारी होते. धनंजय बोलणार होता.

तानबा साठीच्या पुढचा आहे. तो काही बोलेचना, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. बायको आनंदाबाई बाजूला तीन दगडांवर चहा करत होती. धनंजय आता शिकला आहे, गप्प बसून राहिला. बऱ्याच वेळानं तीच बोलली.

म्हणाली, "याले काय इचारता, हा तर पुढं बैलापाशी होता. मी होती मागं."

"मागे म्हणजे?"

"बंडीच्या मागं. ताडपत्री सुटली होती, ते बांधून राह्यली होती. पाठ रस्त्याकडं. एकदम आवाज आला, 'बाजूले व्हा बाई!' असा जोरात. मी वळून पाह्यलं त गाडी अंगावर. चाक घासलं, करकर आवाज झाला. त्या माणसानं हँडल एका अंगाले मोडलं आन् बंडीच्या चाकावर गेला. माह्या लुगड्याले लागून गेली गाडी. नाई मोडतं त मी गेली असती."

धनंजयनं विचारलं की हे पोलिसांना सांगितलं का.

"कोणी इचारलंच नाई. हा म्हणे, बोलू नको, बंडी जप्त करतीन. आमी भेलो. बैल सोडले आन् गप बसलो." मग ती माझ्याकडे वळली, कारण मी लिहीत होते. "लिव माय, लिव. त्याले पोरगी हाये म्हणते, कुठंसी शिकते. मले वाटे, जाऊन सांगाव. पण कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

मी लिहिलं: चालकाने ओरडून इशारा दिला. ब्रेक लावला. वाहन वळवले. तिनं चहा दिला, मी प्यायले. कानाला ऐकू येत होतं, हाताला लिहिता येत होतं. आत काही हललं नाही. परतताना बसमध्ये सुरभी म्हणाली, "किती भयानक ना गं?" मी म्हटलं, हो.

आता तूही वाचलंस. बाबांनी ब्रेक लावला होता. ते ओरडले होते. मरायला निघालेला माणूस समोरच्या बाईला बाजूला व्हा म्हणत नाही. तू जे काही बोललास ते बोललास, पण ते त्यामुळे गेले नाहीत. त्यांना बंडी उशिरा दिसली आणि मागे एक बाई होती.

मला खूप बरं वाटायला हवं होतं. तुला वाटलं तर कळव.

रीता


सिंदी, २३ जानेवारी २०००

दादा,

तुझं उत्तर नाही. वर्षश्राद्धाला तू येशील असं आईला वाटलं होतं, तसं ती बोलली नाही, पण एक ताट जास्त वाढलं गेलं. काकांच्या मुलानं पाणी सोडलं.

मागच्या आठवड्यात शुक्रवारी जिनिंगच्या मालकांसमोर आमचा अहवाल होता. प्रभाकरराव नाव त्यांचं. माणूस वाईट नाही, आम्हाला खुर्च्या दिल्या, बिस्किटं मागवली. मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या आठवड्यात बोलायची पाळी माझी होती. मी बदलून घेऊ शकले असते. घेतली नाही.

मी आधी रांगेचं सांगितलं, मग चाचणीचं, मग चुन्याच्या खुणांचा नकाशा दाखवला. म्हटलं की बंड्या आतल्या अंगणात घ्या, ट्रक मागच्या बाजूला लावा, आल्या क्रमानं टोकन द्या म्हणजे रस्त्यावर रात्र काढावी लागणार नाही. आणि प्रत्येक बंडीच्या मागे चमकणारी लाल पट्टी.

ते ऐकत होते. मग हसून म्हणाले, "पोरी, मेहनत केली तुम्ही. पण अपघात म्हणसान त मेला एकच. आन् त्याचं कारण सगळ्या सिंदीले मालूम हाये. घरून भांडून निघालता तो, पोराशी वाजलं होतं. त्याले मरायचंच होतं, आमची बंडी नसती त झाड पाह्यलं असतं त्यानं. त्याच्यापायी मी माह्यं अंगण काऊन मोडू?"

धनंजयनं माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी द्यायचं होतं.

मी म्हटलं, "त्याने ब्रेक लावला होता. बंडीमागे आनंदाबाई होती, तिला बाजूला व्हा म्हणून ओरडला. तिची साक्ष अहवालात आहे, पान अकरा."

"हे तुले काय माहीत, तो कसा होता?"

"ते माझे वडील होते."

मी कागद उलटला आणि म्हटलं, "पुढचा मुद्दा टोकनचा." आणि टोकनचं सगळं सांगितलं. आवाज कापला नाही. मला स्वतःलाच तो दुसऱ्या खोलीतून येतो आहे असं वाटत होतं.

प्रभाकररावांनी अंगण आणि टोकन कबूल केलं. पट्ट्यांचं म्हणाले, ज्याची बंडी त्यानं बघावं. निघताना ते दारापर्यंत आले आणि मला म्हणाले, "बंडूजी माह्या ओळखीचा होता. मी ऐकलं तेच बोललो." मी मान हलवली.

बाहेर धनंजय माझ्यावर ओरडला. "काऊन नाई सांगतलं आमाले? सहा महिने झाले!"

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही वेगळं लिहिलं असतं."

सुरभीनं माझी पिशवी घेतली आणि वर्ध्यापर्यंत दिली नाही.

सोमवारी वांदिले मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "मला माहीत असतं तर प्रश्न बदलून दिला असता." मी म्हटलं, म्हणूनच सांगितलं नाही. त्यांनी आमचा अहवाल पुढ्यात ओढला. मग म्हणाल्या, "कामात आपला जीव गुंतलेला असेल तर बरोबरच्यांना आधी सांगायचं असतं. हा नियम उद्या नोकरीतही आहे. तू काम उत्तम केलंस, पण याचे गुण मी कापणार." आणि कापले. दादा, तुला विचित्र वाटेल, पण वर्षभरात मला त्याच गोष्टीनं बरं वाटलं. कुणीतरी मला इतरांसारखं वागवलं.

तिघांनी एकमेकांबद्दलही लिहून द्यायचं असतं, ऐकून घेणं, वेळ पाळणं वगैरे. सुरभीनं माझ्याबद्दल लिहिलं होतं: कामात चोख, कधी हसली नाही.

आईला मी रविवारी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकलं. हात थांबले नाहीत. मग विचारलं, "काय ओरडले म्हणे?"

"बाजूले व्हा बाई."

"बाई म्हणले?"

"हो."

"मले त कधी बाई म्हणले नाई," आई म्हणाली आणि किंचित हसली. मग तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडावर घेतला. मी तिच्याजवळ बसून उरलेले तांदूळ निवडले.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकान बंद ठेवलं. लाल रंगाचे डबे आणि ब्रश घेऊन रिक्षानं जिनिंगवर गेली आणि रांगेतल्या बंड्यांना मागून पट्टे मारत बसली. रात्री साधा रंग चमकत नाही, त्याला वेगळी पट्टी लागते, हे मी तिला सांगितलं नाही. ती धनंजयनं नंतर नागपूरहून आणली. तानबाची बंडी त्या दिवशी नव्हती. आनंदाबाईला भेटायला आई पुढच्या आठवड्यात हिंगणीला जाणार आहे. मी येऊ का म्हटलं तर नको म्हणाली.

रीता


वर्धा, १२ मार्च २०००

दादा,

मला नोकरी लागली. पुण्याची सॉफ्टवेअर कंपनी आहे, जुलैत रुजू व्हायचं. आईला आनंद झाला असं ती म्हणाली.

मुलाखत नागपूरला होती. कोडी घातली, ती सुटली. मग एका बाईंनी इंग्रजीत विचारलं, गटात काम करताना कठीण प्रसंग आला तर तू कसा हाताळलास, एखादं उदाहरण दे. माझ्या आधीच्या मुलाला गॅदरिंगच्या मंडपाचं सांगावं लागलं होतं. माझ्याकडे उदाहरण तयार होतं.

मी रांग सांगितली, कवडू सांगितला, धनंजयची पहिली चूक आणि आम्ही ती कशी सुधारली ते सांगितलं. मग म्हटलं की बैठकीत समोरच्यानं अपघातातल्या मृत माणसाबद्दल चुकीची माहिती दिली, तेव्हा मी वाद न घालता साक्षीचं पान दाखवलं आणि विषय पुढे नेला. तो माणूस कोण होता ते मी सांगितलं नाही. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, भावना मध्ये न आणता हे जमणं अवघड असतं.

मी थँक्यू म्हटलं. व्याकरण कुठेही चुकलं नाही.

खाली येऊन मी नागपूरच्या स्टँडवर बसले आणि वर्ध्याच्या तीन गाड्या सोडल्या. का सोडल्या ते माहीत नाही. बसले होते इतकंच. बाबांचं मरण मी त्या टेबलावर ठेवलं आणि त्याचं मला कामाचं काहीतरी मिळालं. हे चूक की बरोबर, तू सांग. तू मोठा आहेस.

मी जुलैत गेले की आई एकटी.

रीता


पुणे, २१ ऑगस्ट २०००

दादा,

पाकिटावर आधी सुरत लिहिलं, मग खोडून सिंदी. वर्षभर तुला सुरतेला लिहिलं, आता तू घरी आणि मी लांब.

मे महिन्यात तू आलास ते आईनं मला कळवलंच नव्हतं. मी नेहमीसारखी शनिवारी आले तर काउंटरमागे तू. एक गिऱ्हाईक तुला खिडक्यांचा रंग मागत होतं आणि तुला डबा सापडत नव्हता. मी काढून दिला. आपण एकमेकांना काय म्हणालो ते आठवतं का? मला आठवतं. तू म्हणालास, "खरंच ओरडले?"

मी म्हटलं, "हो. मी लिहिलं होतं."

"पत्रं सगळी वाचली. तुह्या तोंडून ऐकाचं होतं."

मग तू मागे गोदामात गेलास, डब्यांच्या आड, आणि रडलास. गिऱ्हाईक विचारत होतं, काय झालं, काय झालं. मी त्याला ब्रश दिले, टर्पेंटाइन दिलं, सुटे पैसे दिले. तुझा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मला आत यावंसं वाटलं नाही. आले असते तरी काय करायचं ते सुचलं नसतं. तू एवढं रडू शकतोस याचं मला नवल वाटत होतं.

आई लिहिते की तू दुकानात टिकशील असं तिला वाटत नाही, सारखा मशिनचं काहीतरी बोलतोस. टिकू नकोस. रंग मिसळायचं मशिन मागवायचं म्हणत होतास, ते मागव, किंवा दुसरं काही कर. पण आईला विचारून कर, आणि ती नाही म्हणाली तर ताटावरून उठू नकोस. काका आले तर त्यांच्यासमोर बस. ते काही बोलणार नाहीत. आनंदाबाई पोळ्याला घरी येणार आहे असं आईनं लिहिलंय. तिच्या पाया पड किंवा पडू नकोस, पण घरी थांब.

इथलं बरं आहे. आम्ही सात जण एका टीमवर आहोत. दर सोमवारी बैठक असते. पहिल्याच महिन्यात मला लिहून घ्यायचं काम मिळालं, मग बैठक चालवायचं. आमचे साहेब सगळ्यांना सांगतात की या मुलीकडून शिका, कितीही गोंधळ झाला तरी हिचा आवाज चढत नाही. मी ऐकून घेते. वांदिले मॅडमना पत्र लिहिलं होतं, त्यांचं कार्ड आलं. या वर्षी त्यांनी दोन गटांना हिंगणीकडचे प्रश्न दिले आहेत आणि आता त्या पहिल्याच दिवशी विचारतात, कुणाचं कुणी यात आहे का.

मी अजून रडलेली नाही. आधी वाटायचं कधीतरी रडू येईल, आता वाटही बघत नाही. सकाळी उठते, बस पकडते, काम करते, खोलीवर येते. खोलीत माझ्याबरोबर साताऱ्याची एक मुलगी आहे. ती मेसच्या डब्यातली आमटी आवडीनं खाते. त्यात गूळ असतो. मी दोन घास खाते आणि डबा धुऊन ठेवते. इतके महिने तसंच चाललं आहे, घरी असतानाही तसंच होतं, आईला ठाऊक आहे.

काल रविवार होता. कपडे धुऊन गच्चीवर वाळत घातले आणि उन्हात उभी राहिले. आणि मला भूक लागली. पोटात कळ यावी तशी. मला आधी ओळखूच आलं नाही. खाली आले, स्टोव्ह पेटवला, वरण-भात लावला, लसूण आणि लाल तिखटाची फोडणी दिली. साताऱ्याची मुलगी ठसक्यानं खिडकीशी पळाली. मी पातेल्यातूनच वाढून घेतलं, मग परत घेतलं, मग तळाचा करपलेला भात खरवडून खाल्ला.

आईला सांग.

तुझी
रीता